मंडळीत फूट असताना आत्मिक दाने कशी वापरायची?
(संडे स्कूल शिक्षक आणि पालकांसाठी पाठ)



मागे एकदा संडे स्कूलमध्ये मी "आत्म्याची दाने" हा पाठ घेत होते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या बाराव्या अध्यायातली दानांची यादी फळ्यावर लिहून झाली आणि सातवीतल्या एका मुलाने हात वर केला. म्हणाला, "टीचर, ही दानं पवित्र आत्मा देतो ना? मग आपल्या मंडळीत तर दोन पार्ट्या आहेत. आपल्याला कशी मिळणार?"

वर्गात कोणी हसलं नाही. तो काय बोलतोय ते सगळ्यांना माहीत होतं. त्याचे वडील एका गटात, सख्खे काका दुसऱ्या गटात. हा मुलगा चांगला तबला वाजवतो, पण वर्षभर त्याने तबल्याला हात लावला नव्हता. कारण विचारलं तर एकच उत्तर, "घरून नको म्हणतात."

मी त्याला म्हटलं, "पुढच्या रविवारी सांगते." घरी आले आणि बायबल उघडून बसले. त्या आठवड्यात जे वाचलं, जे आठवलं, ते इथे मांडते आहे. तुमच्याही वर्गात हा प्रश्न आज ना उद्या येणारच. आणि मुलाने तो तोंडाने विचारला नाही, तरी त्याच्या मनात तो असतोच.

१. करिंथची मंडळी कशी होती?

करिंथ हे व्यापाराचं शहर. दोन बाजूंना दोन बंदरं, मध्ये गाव. रोमी लोकांनी ते एकदा पाडलं, पुढे ज्युलियस सीझरने नव्याने वसवलं. देशोदेशीचे लोक तिथे येऊन राहिले. आपल्याकडे समजून घ्यायचं तर भुसावळ जंक्शन डोळ्यांसमोर आणा. रेल्वेमुळे निरनिराळ्या प्रांतांतले, निरनिराळ्या भाषांचे लोक एका गावात आले, तसं काहीसं.

पौल तिथे दीड वर्ष राहिला, मंडळी उभी राहिली. मग तो इफिसला असताना त्याच्या कानावर एकेक बातम्या येऊ लागल्या. कोणी म्हणतो मी पौलाचा, कोणी अपुल्लोचा, कोणी केफाचा. भाऊ भावाला कोर्टात खेचतो. प्रभुभोजनाला श्रीमंत आधी येऊन पोटभर जेवतात आणि मजुरी करून उशिरा येणारा उपाशी राहतो. एक उघड अनैतिक प्रकरण चालू आहे आणि मंडळी गप्प आहे.

आता मुख्य गोष्ट बघा. याच मंडळीला पत्र लिहिताना पौल पहिल्याच अध्यायात देवाचे आभार मानतो आणि सांगतो की तुमच्यात एकाही कृपादानाची उणीव नाही. त्यानंतर लगेच तो भांडणाचा विषय काढतो. तिसऱ्या अध्यायात त्यांना देहस्वभावी म्हणतो, दूध पिणारी बाळं म्हणतो. म्हणजे दानांनी भरलेली मंडळी आणि भांडणांनी भरलेली मंडळी ही एकच मंडळी होती!

त्या मुलाच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर इथे मिळतं. दाने ही चांगल्या वागणुकीचं बक्षीस नाहीत. शाळेत पहिला नंबर आला की ट्रॉफी मिळते, तसं हे नाही. त्यांना दान म्हणतात, कारण ती कमवावी लागत नाहीत. आणि ती ज्याला मिळाली त्याच्यासाठी नसतात, दुसऱ्याच्या उभारणीसाठी असतात.

याचा उलटा अर्थही लक्षात ठेवायला हवा. एखाद्याकडे मोठं दान आहे म्हणून तो माणूस आत्मिकदृष्ट्या मोठा, असं मुळीच नाही. करिंथच्या लोकांची नेमकी हीच चूक झाली होती. प्रार्थना फार जोरदार करतो, उपदेश फार छान करतो, म्हणून त्याचे पैशाचे व्यवहार विचारायचे नाहीत, त्याचं वागणं विचारायचं नाही, हे पौलाला मान्य नाही. पाचव्या अध्यायात तो पापाविषयी स्पष्ट आणि कडक बोलतो. तेव्हा "फूट असूनही दाने वापरा" याचा अर्थ "चुकीवर पांघरूण घाला" असा मुलांना कधीही शिकवू नका.

२. आपल्यातला जगिकपणा कसा दिसतो?

जगिकपणा म्हटलं की आपण लगेच सिनेमा, मोबाईल, फॅशन यांवर येतो आणि मुलांना झापतो. पण करिंथकरांच्या पत्रात जगिकपणाची खूण वेगळी आहे. मोठेपणा मोजण्याची जगाची पट्टी मंडळीत आणणं, हा तो जगिकपणा.

आपल्याकडे तो कुठे दिसतो? पंच कमिटीच्या निवडणुकीत. पुढच्या खुर्च्या कोणाच्या, देणगीच्या पाटीवर नाव कोणाचं, नाताळच्या कार्यक्रमात माईक कोणाच्या हातात, यात. जागेच्या आणि इमारतीच्या खटल्यांत. कोणाचा मुलगा इंग्लिश मीडियमचा आणि कोणाचा जिल्हा परिषदेच्या शाळेचा, यात. "आमचा गट" आणि "त्यांचा गट" हे शब्द मुलं आपल्या जेवणाच्या ताटावर बसून शिकतात. आपल्याला वाटतं मुलांचं लक्ष नाही. असतं!

आणि दाने वापरतानाही हाच जगिकपणा शिरतो. दान हे माझं दुकान होतं. मी गायले नाही तर उपासना कशी होते ते बघतेच, असं म्हणणारी ताई तुम्ही पाहिली असेल. कदाचित, खरं सांगायचं तर, आरशातही पाहिली असेल. मीही पाहिली आहे.

३. खानदेशातल्या भिंती कुठून आल्या?

मोठ्या मुलांना थोडा इतिहास जरूर सांगा. जुन्या काळी प्रॉटेस्टंट मिशनांनी आपसांत समजुतीने भाग वाटून घेतले होते. एकाच्या भागात दुसऱ्याने शिरायचं नाही. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचं काम वाढलं. धुळे, नंदुरबार, नवापूरकडे स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन आलं, त्याचं नाव १९४९ पासून 'टीम' झालं. नगरकडे अमेरिकन मराठी मिशन होतं. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, म्हणजे सीएनआय. आपल्याकडच्या अलायन्स आणि टीमच्या मंडळ्या त्यात नव्हत्या. नंतर पेन्टेकॉस्टल आणि स्वतंत्र फेलोशिप आल्या.

यातून काय शिकायचं? आपल्यापैकी बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांनी पुस्तकं वाचून, तुलना करून पंथ निवडला नव्हता. त्यांच्या गावात जे मिशन आलं, त्या मिशनचे ते झाले. मग त्या नावावरून आज एकमेकांच्या घरी प्रार्थनेला न जाणं किती शहाणपणाचं?

मुलांना नवापूरचं रेल्वे स्टेशन सांगा. अर्धं स्टेशन महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. हद्दीची रेषा खरी आहे, कोणी ती नाकारत नाही. पण गाडी एकच, रूळ तेच. मंडळ्यांच्या हद्दी आज लगेच पुसल्या जाणार नाहीत. पण दाने त्या रेषेवर थांबायला हवीत, असं कुठे लिहिलं आहे?

एक पुरावा तर आपल्या हातात दर रविवारी असतो, तो म्हणजे 'उपासना संगीत'. रेव्हरंड नारायण वामन टिळक अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करत. पण त्यांची गीतं वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्यांत गायली जातात. माणसं ज्या भिंती ओलांडत नाहीत, त्या त्यांचं गाणं कधीच ओलांडून गेलं.

४. मराठी मंडळीतली तीन उदाहरणे

*पंडिता रमाबाई.* त्यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये अँग्लिकन चर्चमध्ये झाला, पण कुठल्याही एका पंथाच्या चौकटीत स्वतःला बांधून घ्यायला त्या तयार नव्हत्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या सुरुवातीला त्यांनी मुलींचे आणि बायांचे रोज प्रार्थना करणारे गट सुरू केले. जूनच्या अखेरीस तिथे मोठी जागृती झाली. आधी रडणं, पापांची कबुली, पश्चात्ताप, आणि मग आनंद. प्रार्थनेचे गट आजूबाजूच्या खेड्यांत सुवार्ता सांगायला जाऊ लागले. पुढे तिथे अन्य भाषांत बोलण्याचा अनुभवही काहींना आला. रमाबाईंनी स्वतःसाठी त्या दानाचा दावा केला नाही, पण ज्यांना ते मिळालं त्यांना गप्पही बसवलं नाही. आज काही मंडळ्या म्हणतात अन्य भाषा पाहिजेतच, काही म्हणतात नकोच, आणि दोघे एकमेकांचं तोंड बघत नाहीत. अशा वेळी रमाबाईंचं हे वागणं आपल्याला दोन्हीकडच्या मुलांना सांगता येतं.

आणखी एक. त्याच मुक्तीत छापखाना होता. तिथे मुली-बाया खिळे जुळवायच्या, छपाई करायच्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत केलेलं बायबल त्यांच्या हातून छापलं गेलं. दुष्काळातून वाचलेल्या पोरींच्या हातांत दान होतं, ते कोणीतरी ओळखलं आणि कामाला लावलं.

*लक्ष्मीबाई टिळक.* फूट मंडळीत नाही, थेट घरात पडली तर काय? १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती झाले आणि लक्ष्मीबाईंचं घर दुभंगलं. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. पुढे त्या एकत्र आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. शाळेत न गेलेली बाई, लिहा-वाचायला नवऱ्याकडून शिकलेली. पण टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य तिने पुरं केलं आणि 'स्मृतिचित्रे' लिहिलं. त्या पुस्तकात भांडणं लपवलेली नाहीत, नवऱ्याचा तापट स्वभाव लपवलेला नाही, स्वतःच्या मनातला सोवळ्याचा ताठाही लपवलेला नाही. सगळं हसत, खरंखरं सांगितलं आहे. दुखऱ्या गोष्टी द्वेष न करता सांगता येणं, हेही मला एक दानच वाटतं. फुटलेल्या मंडळीला त्याची फार गरज असते.

*स्वतः टिळक, आणि आपल्या जळगावची गोष्ट.* १९०७ साली जळगावात पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. धरणगावचा एक पोरगा, त्र्यंबक बापूजी ठोमरे, तिथे कविता म्हणून गेला आणि अध्यक्ष कर्नल कीर्तिकरांनी त्याला 'बालकवी' म्हटलं. तो नगरला टिळकांच्या घरी घरच्या मुलासारखा राहिला. ठोमरे ख्रिस्ती नव्हते, झालेही नाहीत. टिळकांनी त्याची जात-धर्म न बघता त्याच्यातलं देणं बघितलं. शेवटी १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला, ज्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची इच्छा होती. दोन वर्षांत ते गेले. दरबार फार वाढला नाही. पण ज्याला भिंतीपलीकडचं दान दिसतं, त्याला आपल्याच मंडळीतल्या दुसऱ्या गटातलं दान दिसायला काय हरकत आहे?

इथे एक फरक मुलांना नीट सांगा. कविता, गाणं, चित्रकला ही उपजत देणगी कोणातही असते. देवच देतो, पण ती आपण स्वतःच्या नावासाठीही वापरू शकतो. आत्मिक दान म्हणजे पवित्र आत्म्याने मंडळीच्या उभारणीसाठी दिलेलं सामर्थ्य. कधी आत्मा उपजत देणगीच हाती घेतो, कधी अगदी वेगळंच काही देतो. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायातली यादी बघा. शिकवणं आहे, तसंच सेवा करणं, बोध करणं, दान देणं आणि आनंदाने दया करणंही आहे. यातल्या कितीतरी गोष्टींना माईक लागत नाही!

५. मधला अध्याय

बारावा अध्याय दानांचा, चौदावा अध्याय दाने उपासनेत कशी वापरावी याचा. आणि मध्ये तेरावा, प्रीतीचा. आपण तो लग्नात वाचतो. पण पौलाने तो भांडणाऱ्या मंडळीसाठी लिहिला होता. प्रीती नसेल तर सगळ्यात मोठं दानही नुसता आवाज, असं तो म्हणतो. म्हणून दान वापरण्याआधी तीन प्रश्न विचारायला मुलांना शिकवा:

१. यामुळे कोणाची उभारणी होईल? (माझी वाहवा की दुसऱ्याची मदत?)
२. समोरच्याला ते समजेल का? चौदाव्या अध्यायात पौल समजेल अशा बोलण्यावर फार भर देतो. आपल्याकडे उपासना मराठीत होते, पण मागे बसलेल्या आजीची भाषा अहिराणी, मावची किंवा पावरी असते. उपदेशाचा सारांश आजीला तिच्या भाषेत सांगणारा नातू मोठं काम करतो.
३. हे शिस्तीत आणि शांतीने होईल का? दुसऱ्याला बोलायला जागा उरेल का?

एक सावधगिरीचा शब्द. बरे करण्याच्या दानाविषयी शिकवताना मुलांना स्पष्ट सांगा की आपण आजाऱ्यासाठी प्रार्थना करतो आणि दवाखान्यातही नेतो. नवापूर तालुक्यात चिंचपाड्याला मिशनने दवाखानाच उभा केला होता. प्रार्थना करणाऱ्यांनीच तो उभा केला. कोणी "औषध बंद कर, नाहीतर तुझा विश्वास कमी" असं म्हटलं, तर ते ऐकायचं नाही.

६. वर्गात आणि घरी काय करता येईल?

*भरीत पार्टीचा खेळ (वय ८ ते १२).* पौल शरीराचं उदाहरण देतो, आपण थंडीतल्या शेतातल्या भरिताचं देऊ. चिठ्ठ्या करा: वांगी आणणारा, कपाशीच्या काड्या गोळा करणारा, भाजणारा, सोलणारा, ठेचणारा, पुऱ्या लाटणारी, पाणी भरणारा, पत्रावळी उचलणारा. मुलांना विचारा, "काड्या आणणारा रुसून घरी गेला तर?" मग विचारा, "भाजणारा आणि ठेचणारा एकमेकांशी बोलत नाहीत. तरी भरीत होईल का? कसं?" इथे थांबा आणि मुलांना बोलू द्या. माझ्या वर्गात एक मुलगी म्हणाली, "होईल टीचर, पण आधी वांगं एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात द्यावं लागेल." यापुढे मला काही शिकवायची गरज पडली नाही.

*मोठ्या मुलांसाठी.* एक महिना प्रत्येकाने मंडळीतल्या एका व्यक्तीचं, शक्यतो दुसऱ्या गटातल्या, एक दान शोधायचं आणि त्या व्यक्तीला जाऊन सांगायचं: "काका, तुम्ही आजाऱ्यांना भेटायला जाता ते मला आवडतं." एवढंच.

*पालकांसाठी.* मुलाला "तुझं हे दान" असा शिक्का घाईने मारू नका. त्याला वेगवेगळी छोटी कामं करू द्या आणि बघा: कशात दुसऱ्यांना खरी मदत होते, कशात तो न कंटाळता टिकतो, इतर लोक काय म्हणतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोठ्यांच्या भांडणाची किंमत मुलाच्या दानाकडून वसूल करू नका. गटात मतभेद असतील, हिशेब विचारायचे असतील, तर मीटिंगमध्ये विचारा, लेखी विचारा, जरूर विचारा. पण मुलाचा तबला, मुलीचं वाचन, त्यांचं संडे स्कूल यांना त्यात ओढू नका.

शेवटी

पुढच्या रविवारी मी त्या मुलाला म्हटलं, "बाळा, भांडण मिटल्यावर मिळणारं हे बक्षीस नाही. भांडणाने जी माणसं दुखावली आहेत, त्यांच्यासाठीच देवाने हे दिलंय. करिंथला दिलं, तसं आपल्यालाही."

तो लगेच काही बोलला नाही. मंडळीतला तबला अजूनही त्याच्या हातात आलेला नाही. दोन्ही गट अजून दोन्हीकडेच आहेत. पण आता वर्ग सुटल्यावर तो दोन लहान पोरांना लाकडी बाकावर बोटांनी ठेका शिकवतो. त्यातला एक त्याच्या त्याच काकांचा मुलगा आहे.

मी त्याबद्दल कोणालाच काही सांगितलं नाही. वर्गाची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मी फक्त अर्धा तास उशिरा कुलूप लावते. तुमच्या हातातही अशी एखादी किल्ली असेल. बघा, तिचा काय उपयोग करता येतो.

विचारासाठी प्रश्न

- तुमच्या मंडळीत कोणाचं दान गटबाजीमुळे पडून आहे? तुम्ही त्यांना कशी वाट करून द्याल?
- तुमच्या घरात जेवताना दुसऱ्या गटाविषयी काय बोललं जातं? मुलं त्यातून काय शिकतात?
- तुमचं स्वतःचं कुठलं दान रागामुळे तुम्हीच बंद करून ठेवलं आहे?